श्वास मोजताना

सकाळी सातचा सुमार. सिल्वासा शहरातील डोकमर्डी भागात एका घरी अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी आरशासमोर उभी आहे. गणवेश काल रात्रीच इस्त्री करून ठेवलेला, केस अंबाड्यात घट्ट बांधलेले, नखे कापलेली, हातात बांगडी नाही, बोटात अंगठी नाही. खिशात एक लहानशी वही, निळ्या आणि लाल शाईची दोन पेने आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ. आई डबा भरता भरता विचारते, “आजपासून खरे पेशंट ना गं?” मुलगी मान हलवते. काल रात्री तिला झोप लागली नाही, हे आईच्या ध्यानात आले आहे. पण ती तसे बोलून दाखवीत नाही.

परिचारिका होऊ पाहणाऱ्या प्रत्येक मुलीच्या, आणि आता मुलाच्याही, आयुष्यात ही सकाळ एकदा येते. रुग्णालयाच्या बोलीत तिला ‘पोस्टिंग लागणे’ म्हणतात. वर्गातील फळा आणि प्रयोगशाळेतील पुतळा मागे ठेवून विद्यार्थिनी प्रथमच रुग्णाच्या खाटेपाशी उभी राहते. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ साली ठरविलेल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या अभ्यासक्रमात याची सुरुवात पहिल्याच सत्रात होते. ‘परिचर्येची मूलतत्त्वे’ या विषयासाठी त्या सत्रात प्रयोगशाळेचे ८० तास आणि वॉर्डातले १६० तास ठेवलेले आहेत. दुसऱ्या सत्रात हेच आकडे १२० आणि ३२० होतात. म्हणजे पहिल्या वर्षातच या एका विषयासाठी ४८० तास रुग्णाच्या सान्निध्यात काढावयाचे. हे तास कशासाठी, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडणे साहजिक आहे. इंजेक्शन द्यायला आणि सलाईन लावायला शिकण्यासाठी, असे बहुतेकांना वाटते. वस्तुतः पहिल्या काही दिवसांत विद्यार्थिनीच्या हाती सुई क्वचितच दिली जाते.

तिला प्रथम खाट करायला सांगतात. खाट करणे म्हणजे चादर पसरणे नव्हे. चादरीवर एकही चुणी राहता कामा नये. कारण जो माणूस दिवसचे दिवस कूस बदलू शकत नाही, त्याच्या पाठीला ती चुणी घासत राहते, कातडी लाल होते, फुटते, आणि मग शय्याव्रण होते. गादीच्या कोपऱ्याशी चादरीची घडी तिरकी दुमडून आत खोचायची, ती रुग्ण हलला तरी सुटू नये म्हणून. शस्त्रक्रियेहून परत येणाऱ्या रुग्णाची खाट निराळी, रिकाम्या खाटेची पद्धत निराळी. आणि रुग्ण खाटेवरच असताना, त्याला न उठविता चादर बदलणे, ही तर एक स्वतंत्र कला आहे. पुतळ्यावर हे शंभरदा करून झालेले असते. परंतु पुतळा कण्हत नाही, त्याला लाज वाटत नाही, आणि त्याच्या उशाशी बसलेली म्हातारी आई विद्यार्थिनीच्या थरथरणाऱ्या हातांकडे टक लावून पाहत नाही.

खाट झाली की हात धुणे. साबण आणि पाण्याने ४० ते ६० सेकंद, हाताला चोळण्याच्या औषधाने २० ते ३० सेकंद; एका रुग्णाकडून दुसऱ्याकडे जाताना प्रत्येक वेळी. इग्नाझ झेमेलवाइस या डॉक्टराने व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात १८४७ साली डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने कमी करून दाखविले. तरीही त्याच्या समकालीनांना ते पटले नाही. ज्या कृतीने इतके जीव वाचतात ती इतकी साधी असावी, याचाच माणसाला राग येतो की काय कोण जाणे.

आता ज्या कामाने या पहिल्या दिवसांची खरी कसोटी लागते, त्याकडे वळू. ते दिसायला याहूनही साधे आहे: रुग्णाचे श्वास मोजणे.

वॉर्डातील प्रत्येक रुग्णाच्या खाटेशी एक तक्ता असतो. त्यावर ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब यांची नोंद ठराविक वेळी करावयाची असते. ताप तापमापक सांगतो. रक्तदाब यंत्र सांगते. नाडी आता बोटाला लावावयाच्या चिमट्यानेही कळते. श्वास मात्र आजही बहुतेक वॉर्डांत माणसानेच, डोळ्याने पाहून मोजावा लागतो. छाती वर जाऊन खाली आली की एक. असे पूर्ण एक मिनिट. प्रौढ माणसाचे श्वास मिनिटाला १२ ते २० असतात. तान्ह्या बाळाचे ३० ते ६०.

यात एक गंमत आहे. ‘तुमचा श्वास मोजते’ असे सांगितले की रुग्णाचा श्वास बदलतो. तो लांब श्वास घेऊ लागतो, किंवा रोखून धरतो. हृदयावर आपला ताबा नाही, पण श्वासावर थोडाफार आहे. म्हणून विद्यार्थिनीला युक्ती शिकवितात. आधी मनगट धरून नाडी मोजायची. ती मोजून झाली तरी बोटे तेथून काढायची नाहीत. रुग्णाचा हात अलगद त्याच्या छातीवर ठेवायचा आणि नाडीच मोजते आहे असे भासवीत नजर छातीवर लावायची. जी विद्या पुढे पदोपदी सत्य सांगण्याची अपेक्षा करते, तिचा पहिला धडा असा एका लहानशा आणि निरुपद्रवी बतावणीने सुरू होतो.

पण साठ सेकंद फार मोठे असतात. हे ज्याला खरे वाटत नाही त्याने सेकंदकाट्याकडे पाहत एक मिनिट गप्प बसून पाहावे. वॉर्डात तीस रुग्ण आहेत. डॉक्टरांचा राउंड नऊला येणार आहे. इनचार्ज सिस्टर घाई करते आहे, मावशींनी फरशी पुसायला घेतली आहे, शेजारच्या खाटेवरचा नातेवाईक “सिस्टर, सलाईन संपले!” म्हणून हाका मारतो आहे. अशा वेळी प्रत्येक रुग्णापाशी नुसते उभे राहून साठ सेकंद छातीकडे पाहणे म्हणजे वेळेची चैन वाटू लागते. मग पंधरा सेकंद मोजून चाराने गुणण्याची सवय लागते. आणि त्याच्याही पुढची पायरी म्हणजे मोजायचेच नाही. मागच्या पाळीत २० लिहिले आहेत ना, मग पुन्हा २० लिहायचे. २००८ साली ऑस्ट्रेलियातील एका वैद्यकीय नियतकालिकात या विषयावर एक लेख प्रसिद्ध झाला. श्वासाची गती ही रुग्णाच्या प्रकृतीची उपेक्षित खूण आहे, असे त्याच्या शीर्षकातच म्हटले होते. म्हणजे हा दोष एका गावाचा किंवा एका देशाचा नाही.

पंधरा सेकंदांच्या हिशेबात काय बिघडते? पंधरा सेकंदांत पाच श्वास मोजले तर मिनिटाचे वीस; सहा मोजले तर चोवीस. सुरुवातीचा किंवा शेवटचा एक श्वास धरायचा की सोडायचा, एवढ्याच फरकाने चाराचे अंतर पडते. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ साली तयार केलेल्या आणि २०१७ साली सुधारलेल्या धोक्याच्या गुणपत्रकात वीस श्वासांना शून्य गुण आहेत, एकवीस ते चोवीसला दोन, आणि पंचवीस किंवा अधिक झाले तर एकदम तीन. तेवढ्या एका खुणेवरूनही रुग्णाकडे तातडीने पाहावे लागते. काही आजारांत तर श्वासाची लयच मोडते. श्वास वाढत वाढत जातो, मग मंदावतो, मग काही सेकंद अजिबात थांबतो, आणि पुन्हा सुरू होतो. चेन यांनी १८१८ साली आणि स्टोक्स यांनी १८५४ साली, डब्लिनमधील या दोन वैद्यांनी, हा प्रकार टिपून ठेवला. आजही तो त्यांच्याच नावांनी ओळखला जातो. पंधरा सेकंदांच्या मोजणीत हा थांबा नेमका निसटण्याचा संभव फार.

ही चर्चा डोकमर्डीच्या मुलीच्या बाबतीत केवळ पुस्तकी राहत नाही. सिल्वासात कोण रुग्ण येतात ते पाहिले पाहिजे. २ ऑगस्ट १९५४ रोजी पोर्तुगीज अमलातून मुक्त झालेला, १९६१ साली भारतीय संघराज्यात सामील झालेला आणि २०२० सालापासून दमण-दीवसह एका केंद्रशासित प्रदेशात असलेला हा मुलूख. २०११ च्या जनगणनेनुसार दादरा आणि नगर हवेलीची लोकसंख्या ३,४३,७०९ होती, आणि तीत निम्म्याहून अधिक लोक आदिवासी होते: वारली, कोकणा, धोडिया आणि इतर. त्यांच्या जोडीला कारखान्यांत काम करण्यासाठी उत्तरेकडून आणि पूर्वेकडून आलेले मजूर. श्री विनोबा भावे यांच्या नावाने वर्षानुवर्षे ओळखले गेलेले सरकारी रुग्णालय, २०१९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय, आणि ७ मार्च २०२५ रोजी ज्याच्या पहिल्या टप्प्याचे उद्घाटन झाले ते ४५० खाटांचे नमो रुग्णालय, असा या गावाच्या वैद्यकीय सोयींचा विस्तार झाला आहे. खानवेल, दुधनी, मांदोनीकडच्या डोंगराळ भागातून माणूस येथे येतो तो बहुधा दुखणे बरेच वाढल्यावर. पावसाळ्यात सर्पदंश, हिवताप, शेतातल्या पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिस. यंत्रात बोटे सापडलेला कामगार. रक्त कमी झालेली गरोदर बाई. आणि यांच्यात एक दुखणे असे, की ज्याचे नाव शहरातल्या अनेक सुशिक्षितांनीही ऐकलेले नसते: सिकल सेल.

या आजारात रक्तातील तांबड्या पेशी, एरवी ज्या गोल आणि लवचिक असतात, त्या प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात. वाकड्या पेशी बारीक वाहिन्यांत अडकतात. त्यामुळे हाडे, सांधे, पोट असह्य दुखते. आजार आईबापांकडून येतो. दोघेही नुसते वाहक असले तर प्रत्येक अपत्याला तो होण्याचा संभव चारात एक. भारतात या पेशींचा शोध १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींत लागला. त्यानंतर गुजरात, महाराष्ट्र, मध्य प्रदेशाच्या आदिवासी पट्ट्यात त्या सर्वत्र आढळल्या. जुलै २०२३ मध्ये केंद्र सरकारने याच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीमही सुरू केली.

आता असा एक वारली तरुण वॉर्डात आहे असे समजा. रात्री पाठ आणि पाय दुखतात म्हणून आला, वेदनाशामक दिले, सलाईन चालू आहे. सकाळी तो भिंतीकडे तोंड करून मुकाट पडलेला आहे. ताप थोडासा. रक्तदाब ठीक. ‘कसे वाटते?’ या प्रश्नाला उत्तर ‘बरे आहे’. डोंगरातला माणूस परक्या ठिकाणी तक्रार करीत नाही. त्यातून समोर पांढऱ्या कपड्यातली मुलगी. अशा रुग्णात एक गुंतागुंत दबा धरून असते. त्या वाकड्या पेशी फुप्फुसाच्या वाहिन्यांत अडकतात, छातीत दुखू लागते, प्राणवायू आणखी घटतो, आणि तो घटला म्हणून आणखी पेशी वाकड्या होतात. सिकल सेलच्या रुग्णांचे जीव घेणाऱ्या कारणांत हे एक प्रमुख कारण आहे. आणि याची पहिली चाहूल अनेकदा वाढलेल्या श्वासांतच लागते. मागच्या पाळीत कोणी २० लिहून ठेवले असेल, आणि नव्या मुलीने पूर्ण साठ सेकंद मोजून २८ लिहिले, तर त्या एका आकड्याने डॉक्टरांची पावले त्या खाटेकडे वळतात. तिनेही मागचे २० उतरून काढले, तर दुपारपर्यंत कोणाच्याच काही लक्षात येणार नाही.

नवशिकीच्या मनात अशा वेळी काय येते? आपलेच चुकले असेल, असे. अनुभवी सिस्टरने २० लिहिले आहेत आणि काल आलेल्या पोरीला २८ मिळतात! रक्तदाबाच्या बाबतीत हे पुष्कळदा घडते. कोरोतकोव्ह या रशियन शल्यविशारदाने १९०५ साली वर्णिलेले ते ठोके कानात नळी घातल्यावर तिला ऐकूच येत नाहीत; फुगा दोनदा फुगविला, रुग्णाचा हात दुखू लागला, आणि तिसऱ्यांदा फुगविण्याची हिंमत होत नाही. मग १२०/८० लिहून मोकळे होण्याचा मोह आवरणे फार कठीण जाते. त्या वेळी ‘मला ऐकू आले नाही, कृपा करून आपण पाहता का?’ एवढे वाक्य जिला उच्चारता आले, तिने पहिल्या आठवड्यातला सर्वांत अवघड धडा पुरा केला असे समजावे. पण हे वाक्य उच्चारले जाणे केवळ तिच्यावर अवलंबून नाही. ज्या वॉर्डात असे विचारणाऱ्या मुलीला सर्वांदेखत ‘एवढेही येत नाही?’ असे ऐकावे लागते, तेथे पुढच्या खेपेस ती विचारीत नाही, लिहून टाकते. परिषदेच्या नियमाने दर दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हवा, तो याचसाठी. पुष्कळ ठिकाणी मनुष्यबळ अपुरे असते आणि विद्यार्थिनींकडे शिकणारी म्हणून न पाहता फुकटचे हात म्हणून पाहिले जाते. निरोप पोचविणे, रक्ताचे नमुने नेणे, औषधे आणणे, यांतच पाळी संपते. ही कामे हलकी नव्हेत. पण तेवढ्यासाठी ते १६० तास राखून ठेवलेले नाहीत.

भाषेचीही अडचण मोठी आहे. एकाच वॉर्डात तिला कोणी ‘बेन’ म्हणते, कोणी ‘ताई’, कोणी ‘दीदी’, आणि कोणी नुसतेच ‘सिस्टर’. गुजराती, मराठी, हिंदी, वारली, कोकणा, शिवाय भोजपुरी आणि उडियादेखील. डोकमर्डीच्या मुलीला यांतील दोन-तीन भाषा खेळता खेळताच आलेल्या असतात. शिक्षणाच्या पुस्तकांतली इंग्रजी तिला जड जाते आणि त्याचा तिला न्यूनगंडही वाटतो. परंतु म्हाताऱ्या वारलीणीला नेमके कोठे दुखते हे वॉर्डात सर्वांत आधी कळते ते बहुधा तिलाच. ही तिची विद्या कोणत्याही परीक्षेत मोजली जात नाही.

‘सिस्टर’ या शब्दाचा उगमही येथे सांगण्यासारखा आहे. युरोपात रुग्णसेवा शतकानुशतके धर्मसंघांतील भगिनींच्या हाती होती. मुंबईतही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ‘ऑल सेंट्स’ या अँग्लिकन संघाच्या भगिनी रुग्णालयांत काम करीत. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयात पंधरा विद्यार्थिनींवर आपली शाळा सुरू केली आणि परिचर्या हा शिकून करावयाचा व्यवसाय ठरला. आपल्याकडे १८९१ साली मुंबईत बाई काशीबाई गणपत ही परिचर्येचे शिक्षण घेणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून नोंदली गेली आहे. त्यानंतर पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली निघालेल्या सेवासदनाने स्त्रियांना ससून रुग्णालयात हे शिक्षण मिळण्याची वाट मोकळी केली. परक्या पुरुषाच्या अंगाला हात लावायचा, कोणत्याही जातीच्या माणसाची घाण काढायची, आणि तीही कुलीन घरातल्या विधवेने! त्या काळी समाजाने याला काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. आज तो विरोध उरलेला नाही असे कोणी समजू नये. लग्नाच्या बाजारात ‘रात्रपाळी असते का?’ हा प्रश्न अजून विचारला जातोच.

अंगाला हात लावण्याची गोष्ट निघाली म्हणून सांगावयाचे. पहिल्या दिवशी एखाद्या वृद्धाला खाटेवरच आंघोळ घालताना विद्यार्थिनी आणि वृद्ध दोघेही एकमेकांची नजर चुकवितात. यावर शिस्तीचा उपाय सांगितलेला आहे: पडदा ओढा, जेवढे अंग पुसावयाचे तेवढेच उघडे करा, बाकीचे झाकून ठेवा, आणि प्रत्येक कृतीआधी काय करणार ते सांगा. पण मनाने स्वतःच दुसरा एक उपाय शोधून काढलेला असतो. इसाबेल मेन्झीस या विदुषीने लंडनच्या एका मोठ्या रुग्णालयाचा अभ्यास करून १९६० च्या सुमारास तो मांडला. परिचारिका रुग्णाला नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने आणि आजाराने ओळखतात, काम तुकड्या-तुकड्यांत वाटून घेतात, म्हणजे कोणा एका माणसाच्या दुःखाशी फार जवळीक होत नाही, आणि भीती आटोक्यात राहते. निरीक्षण मार्मिक आहे. आपल्याकडेही ‘बारा नंबरचे सिकल सेल’ हे शब्द वॉर्डात ऐकू येतातच. त्यामागे निष्ठुरपणा असतोच असे नव्हे. पुष्कळदा नुसता बचाव असतो. परंतु ज्याचे श्वास साठ सेकंद मोजले, त्याला नंबर म्हणणे जरा अवघड जाते, हेही तितकेच खरे.

सुयांविषयी थोडक्यात. वापरलेल्या सुईवर टोपण पुन्हा लावावयाचे नाही. ती सरळ पांढऱ्या, न भोसकल्या जाणाऱ्या डब्यात टाकावयाची. टोचलीच तर जखम दाबून रक्त काढायचे नाही. साबण-पाण्याने धुवायची आणि ताबडतोब सांगायचे. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे शक्यतो दोन तासांच्या आत, आणि कोणत्याही परिस्थितीत ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. हिपॅटायटिस-बी ची लस मात्र वॉर्डात पाऊल टाकण्याआधीच घ्यावयाची असते. घरच्यांनी मुलीला हे एकदा तरी विचारावे. डब्यात भाजी कोणती हे विचारण्याइतकेच ते महत्त्वाचे आहे.

दुपारचे दोन वाजत येतात. दुसऱ्या पाळीच्या सिस्टर येतात आणि ‘ओव्हर’ सुरू होतो. पहिली पाळी दुसरीला खाटेखाटेपाशी जाऊन रुग्ण सोपविते. विद्यार्थिनी मागे, वही छातीशी धरून उभी असते. सकाळपासून तिचे पाय दुखत आहेत, डबा अजून उघडलेला नाही. बाराव्या खाटेपाशी सगळ्या थांबतात. येणारी सिस्टर तक्ता हातात घेते, रात्रीचे २० आणि सकाळचे २८ पाहते, आणि विचारते, “हे कोणी मोजले?” मुलगी एक पाऊल पुढे येते. सिस्टर काही बोलत नाही. ती तरुणाचे मनगट हातात घेते, तो हात अलगद त्याच्या छातीवर ठेवते, आणि आपल्या घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे पाहू लागते.